टाकीत उतरण्याआधी, परांचीवर चढण्याआधी

९ मार्च २०२५, रविवार. मुंबईत नागपाड्याला एका बांधकामाच्या जागी पाण्याची टाकी साफ करायला मजूर आत उतरले आणि गुदमरले. चौघांचा जीव गेला.

टाकी गटाराची नव्हती, पाण्याची होती. म्हणूनच ही घटना मला पहिल्यांदा सांगावीशी वाटली. मॅनहोलमध्ये गॅस असतो हे आपल्या वस्तीतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण नव्या इमारतीची कोरी टाकी, जिच्यात घाण नाही, मैला नाही, तिथे माणूस कशाने मरतो? नाक्यावरून बिगारी म्हणून जाणारा आपला भाऊ, दीर किंवा मुलगा अशा टाकीत बिनधास्त उतरेल. कुणी अडवले तर हसेल.

आधी आपल्या या महानगरात अलीकडे काय काय घडले ते आठवू. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीला एका सोसायटीचा सांडपाण्याचा प्लांट साफ करताना तिघे गेले. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तिघे. ९ एप्रिल २०२४ ला विरारच्या ग्लोबल सिटीत सांडपाण्याच्या प्लांटमध्ये चौघे. उंचीवरचे अपघात वेगळेच. जुलै २०२१ मध्ये वरळीत बांधकामावरची लिफ्ट कोसळून पाच जण, १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची कामाची लिफ्ट कोसळून सात जण. त्याच्या महिनाभर आधी, १ ऑगस्टला, शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर उचलणारे अवजड यंत्र पडून वीस कामगार गेले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला आणि २३ मे २०२४ ला पुन्हा, आणि दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे दगावली.

ही झाली पेपरात मोठ्या अक्षरात आलेली. एकटाच पडला, एकटाच शॉक लागून गेला, अशांची बातमी दोन ओळींची असते, तीही नशिबाने. अशी माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. तुमच्या गल्लीतली दोन नावे तुम्हाला आत्ता वाचतानाच आठवली असतील.

टाकीत नेमके काय होते

आपण श्वासात जी हवा घेतो तिच्यात सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची समजतात. दहा टक्क्यांच्या खाली गेला तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. खोकला येत नाही, गुदमरल्यासारखे वाटून धावाधाव करायला वेळ मिळत नाही. पाय लटपटतात आणि माणूस कोसळतो.

बंद टाकीत हा प्राणवायू कमी होतो कसा? नव्या टाकीत सेंट्रिंगच्या ओल्या फळ्या महिनोन्महिने पडून कुजतात. कुजणारी वस्तू प्राणवायू खाते. लोखंडी सळ्या गंजतात, तो गंजही प्राणवायू खातो. तळाला साचलेले थोडे पाणी, त्यातला गाळ, शेवाळ. वरून झाकण घट्ट. आत वॉटरप्रूफिंगचा किंवा रंगाचा थर दिला असेल तर त्याच्या थिनरची वाफही तळाशी साचते. दिसायला टाकी स्वच्छ, वासही फारसा नाही, आणि आतली हवा माणसाला जगवण्यासारखी राहिलेली नसते.

सेप्टिक टँक, ड्रेनेजचे चेंबर आणि सोसायटीच्या प्लांटमध्ये याच्या जोडीला विषारी गॅस असतो. त्याचे नाव हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली बसून राहतो. तोंडाशी उभे राहिलात तर थोडा वास, तळाला गेलात तर दाट ढग. आणि त्याची सर्वात घातक गोष्ट अशी की प्रमाण वाढले की तो आपल्या नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. उतरणारा म्हणतो, "आता वास येत नाही, गॅस गेला." खरे तर गॅस वाढलेला असतो. तळाचा गाळ पायाने किंवा फावड्याने ढवळला की अडकलेला गॅस भसकन वर येतो. म्हणून पहिली दहा मिनिटे काही झाले नाही, तरी अकराव्या मिनिटाला माणूस पडू शकतो.

त्यात मिथेनही असतो, तो पेट घेतो. काडी पेटवून किंवा मेणबत्ती सोडून गॅस तपासायची जुनी रीत म्हणजे स्फोटाला आमंत्रण. ती करू नका. बिडीसुद्धा टाकीच्या तोंडापासून लांब.

तोंडाला बांधलेला रुमाल, करोनातला मास्क, धुळीचा मास्क, यांतले काहीही गॅस अडवत नाही. ओला रुमाल पण नाही. उतरायच्या आधी घोटभर दारू घेतली तर वास सोसवतो, असे बरेच जण करतात. मी त्यांना नावे ठेवणार नाही. मैल्यात गळ्यापर्यंत उतरायचे शुद्धीवर राहून कुणाला जमेल? पण दारूने चक्कर आलेली कळत नाही आणि बाहेर निघायला लागणारे दोन-चार सेकंद हातचे जातात.

दुसरा माणूस का मरतो

वरच्या यादीत पाहा. टाकीच्या अपघातात एकटा माणूस क्वचित जातो. तिघे, चौघे. सगळे एकदम उतरलेले नसतात. पहिला पडतो, वरचा ओरडतो, दुसरा त्याला काढायला उडी टाकतो, मग दोघांना काढायला तिसरा. बहुतेक वेळा हे एकाच गावचे, एकाच खोलीत राहणारे, सख्खे किंवा चुलत भाऊ असतात. भावाला आत पडलेला पाहून हात बांधून वर उभे राहायचे, हे सांगायला सोपे आहे. तरीही सांगते. आत उतरू नका. खाली तीच हवा आहे जिने पहिल्याला पाडले, तुमच्या फुप्फुसाला ती वेगळी वागणूक देणार नाही.

मग करायचे काय? १०१ किंवा ११२ ला फोन करून "टाकीत माणूस बेशुद्ध आहे, श्वासाचे यंत्र घेऊन या" असे स्पष्ट सांगा. अग्निशमन दलाकडे पाठीवर हवेची टाकी लावून उतरायचे साधन असते. तोवर सगळी झाकणे उघडा. पंखा, ब्लोअर, जे असेल त्याने बाहेरची ताजी हवा आत सोडा. डिझेलचा जनरेटर टाकीच्या तोंडाशी लावू नका, त्याचा धूर आत जातो. आणि जर आधीच उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि त्याला दोर बांधलेला असेल, तर वरूनच ओढून काढा. एका दोराने किती जीव वाचले असते, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. दोर कंबरेला नाही, छाती-खांद्याच्या पट्ट्याला हवा, म्हणजे माणूस दुमडत नाही आणि अरुंद तोंडातून सरळ बाहेर येतो.

बाहेर काढल्यावर त्याला मोकळ्या हवेत उताणे झोपवा, कपडे सैल करा, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, उलटी घशात जाणार नाही. हाका मारूनही हलत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबा. छाती दोन इंच खाली गेली पाहिजे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, म्हणजे सेकंदाला दोनच्या आसपास, रुग्णवाहिका येईपर्यंत. एक दमला की दुसऱ्याने घ्यायचे. गॅसमधून काढलेल्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकू नका, त्याच्या श्वासातला गॅस तुम्हाला लागू शकतो. पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरीही दवाखान्यात न्यायचेच. या गॅसने फुप्फुसात काही तासांनी पाणी भरू शकते. "बरा आहे" म्हणून खोलीवर नेलेला माणूस रात्री धापा टाकायला लागतो.

पण हे सगळे माणूस आत उतरल्यानंतरचे. कायदा काय म्हणतो? २०१३ च्या कायद्याने सुरक्षेची साधने न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत हाताने मॅनहोल साफ करणे बंद करायचे आदेश दिले. गाडीला जोडलेला पाइप टाकून गाळ उपसायची यंत्रे शहरात आहेत. सोसायटी ती बोलवत नाही, कारण माणूस स्वस्त पडतो.

२०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसे मेली, हा सरकारने संसदेत दिलेला आकडा. अशा ५४ मृत्यूंची सरकारनेच तपासणी करून घेतली तेव्हा ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचे काहीही नव्हते. उरलेल्या पाच जणांकडे फक्त हातमोजे. गॅसला हातमोजे!

आणि हे काम करणारे कोण, हे आपल्याला कुणी सांगायला नको. नोंद झालेल्या कामगारांत जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातीचे आहेत. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा आपल्या आजोबांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. बरा पगार त्याच खात्यात होता. काम जातीवर वाटले जाते हे बाबासाहेबांनी गिरणगावात राहून पाहिले होते आणि मजूरमंत्री म्हणून ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरून कामगारांची स्थिती पाहून आले होते. आज विटाळ कुणी बोलून दाखवत नाही. मुकादम नाक्यावर येतो, चेहरे पाहतो आणि टाकीचे काम कुणाला सांगायचे ते त्याला बरोबर कळते.

उंचीवर

परांचीवरून, स्लॅबच्या कडेवरून, लिफ्टच्या डक्टमधून पडणे हे बांधकामावर जीव जाण्याचे सर्वात नेहमीचे कारण. डक्टवर नुसता प्लायचा तुकडा टाकलेला असतो. अंधारात त्याच्यावर पाय पडतो आणि प्लायसकट माणूस खाली. पहिल्या दिवशी कामावर गेलेल्याला ही भोके कुठे आहेत हे माहीतच नसते, म्हणून नव्या माणसाचा पहिला आठवडा जास्त जपायचा. साइटवर गेल्यावर आधी जुन्या कामगाराला विचारा, "दादा, डक्ट कुठे आहे, कठडा कुठे नाही?" यात लाज कसली?

सेफ्टी बेल्ट दिला म्हणजे काम झाले असे नाही. मी कित्येक साइटवर पाहिले आहे, बेल्ट कंबरेला आणि हुक मांडीशी लोंबतो आहे. अडकवायला दोरच बांधलेला नसतो. हुक डोक्याच्या वर, पक्क्या ठिकाणी अडकलेला हवा. परांचीच्या त्याच बांबूला अडकवला आणि बांबूच सुटला तर उपयोग नाही. आणि बेल्ट छाती-मांड्यांना धरणारा हवा, नुसता कंबरेचा पट्टा झटका बसला की पोट फाडतो. हेल्मेट वरून पडणाऱ्या विटेपासून वाचवते, दहाव्या मजल्यावरून पडणाऱ्याला नाही. त्यासाठी कठडा आणि जाळी लागते, आणि ती लावणे ठेकेदाराचे काम आहे.

घरच्या बाजूने जे हातात आहे तेही सांगते. उपाशीपोटी, रात्रपाळी करून लगेच, किंवा ताप अंगात असताना उंचीवर चढू नका. उन्हाळ्यात दुपारी चक्कर येते ती पाणी न प्यायल्याने. बायका साइटवर शौचालय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत आणि घमेली डोक्यावर घेऊन शिडी चढतात. हे तर फार चालते.

कुणी पडला तर चार जणांनी हात-पाय धरून रिक्षात कोंबू नका. मणका मोडलेला असेल तर त्या ओढाताणीत तो कायमचा लुळा होतो. मान सरळ धरा, दोन्ही बाजूंनी कपड्याच्या घड्या लावा, आणि हलवायचेच असेल तर सेंट्रिंगच्या फळीवर सगळ्यांनी मिळून एकाच वेळी उचलून ठेवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, दाब सोडून पाहत राहू नका. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकला तर तो खराब होतो.

डोक्याला मार लागून जो उठून बसला त्याला एकटे सोडू नका. पुढच्या चोवीस तासांत उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गडबड, एका डोळ्याची बाहुली मोठी, असे काही दिसले की कवटीत रक्त साचत असू शकते. दमला आहे, झोपू दे, असे म्हणून झोपवलेले किती जण सकाळी उठलेच नाहीत, हे वॉर्डातल्या कुणालाही विचारा.

शॉकचे थोडक्यात. पावसाळ्यात वायब्रेटर, कटर, पाण्याची मोटर यांच्या टेप मारलेल्या वायरी ओल्या जमिनीवर पडलेल्या असतात. चिकटलेल्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर कोरडे लाकूड वापरा आणि तुम्ही स्वतः कोरड्या फळीवर उभे राहा. मग श्वास पाहा आणि गरज असेल तर वर सांगितले तसे छाती दाबणे. बोर्डावर तीस मिलिअँपचा आरसीसीबी असेल तर असा करंट क्षणात तुटतो. ते उपकरण बसवायला मालकाला फार खर्च नाही.

केसपेपरवर काय लिहिले

आता जी गोष्ट आपण आरोग्याची समजत नाही, पण माझ्या मते आहे. वॉर्डात तीस वर्षे काढल्यामुळे वस्तीत कुणाला काही झाले की मला फोन येतो. दोन वर्षांपूर्वी रात्री नऊला आला. "जय भीम ताई, यांना पडलंय, लवकर या." आमच्याच गल्लीतली वहिनी. मी पोहोचले तेव्हा तिचा नवरा कॅज्युअल्टीत होता, शुद्ध नव्हती. चौथ्या मजल्यावरून परांचीसकट खाली आलेला. केसपेपर हातात घेतला तर त्यावर लिहिले होते, घरी पडून दुखापत. सांगितले कुणी? ज्या मुकादमाने आणून टाकले त्याने. आणि तो कधीचा निघून गेला होता.

माणूस पहाटे गेला. मी कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना रात्रीच सांगून नोंद बदलून घेतली होती, "कामाच्या ठिकाणी उंचीवरून पडून", पत्त्यासह. ती एक ओळ नसती तर पुढचे काहीच उभे राहिले नसते.

म्हणून दवाखान्यात पोहोचल्यावर रडत असतानाही एकाने हे पाहायचे: केसपेपरवर कामाच्या जागेचे नाव, वेळ आणि काम करताना झाले ही नोंद आहे का. पोलिसांची नोंद, म्हणजे एमएलसी, झाली का. मृत्यू झाला तर पोस्टमॉर्टेम करायचेच. आपल्यात पुष्कळ जण म्हणतात, चिरफाड नको, देह लवकर घरी न्या. पण पोस्टमॉर्टेम नसेल तर ठेकेदार उद्या म्हणेल की हार्ट अटॅक आला. गावाकडचा कामगार असेल तर तोच गाडी करून देतो, "मी खर्च करतो, बॉडी गावाला न्या." ही दया नाही. पंचनाम्याआधी देह शहराबाहेर गेलेला त्याला हवा असतो. जागेचे, परांचीचे, टाकीचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी तिथे नवा दोर आणि नवी जाळी दिसते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घ्या.

मग येतो पैशांचा प्रश्न. वहिनीच्या घरी तिसऱ्या दिवशी माणसे आली. दीड लाख रोख आणि स्टॅम्प पेपर, यापुढे काही मागणार नाही असा. घरात दोन मुले, सासू, आणि खोलीचे भाडे थकलेले. सही करायला तिचा हात निघालाच होता.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा आहे. नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, गाभा तोच. त्यात काही गोष्टी आपल्या फार कामाच्या आहेत. हक्क सोडल्याची अशी सही कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई मालकाने वारसाच्या हातात द्यायची नसते, अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. हातात दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. ठेकेदार पळाला तर ज्याचे काम चालले होते तो मूळ मालक जबाबदार. आणि दारू प्यायला होता, बेल्ट लावला नव्हता, ही सबब मृत्यू झाला असेल तर मालकाला चालत नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण प्रत्येक अपघातानंतर पहिल्यांदा तेच ऐकू येते आणि बायको-आई मान खाली घालतात.

रक्कम किती? पगाराचा अर्धा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार जास्त असला तरी महिना १५ हजारच धरतात. चाळीस वर्षांच्या माणसासाठी आकडा १८४.१७, म्हणजे १३ लाख ८१ हजारांच्या घरात. तिशीतल्यासाठी २०७.९८, म्हणजे साडेपंधरा लाखांवर. दीड लाख कुठे आणि हे कुठे? मालकाने महिन्याभरात दिले नाही तर १२ टक्के व्याज आणि वर दंड. दावा दोन वर्षांच्या आत करायचा, आणि वारस राहतात त्या गावच्या हद्दीतही करता येतो, मुंबईला खेटे घालायलाच हवेत असे नाही. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसे आणि कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. फोन १५१००.

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर वाट वेगळी. तिथे वारसांना पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने दरमहा पैसे मिळतात, आणि त्यासाठी किती दिवस नोकरी झाली हे पाहत नाहीत. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे.

गटार किंवा सेप्टिक टँकमधला मृत्यू असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख ठरवले होते, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ते तीस लाख केले. कायमचे अपंगत्व आले तर वीस लाख. खासगी सोसायटीचे काम होते म्हणून सरकार हात झटकू शकत नाही. गोवंडीतल्या त्या तिघांच्या बायका हायकोर्टात गेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कोर्टाने सरकारलाच प्रत्येकीला दहा लाख द्यायला लावले, तुम्ही मग दोषींकडून वसूल करा म्हणून. शिवाय अनुसूचित जातीच्या माणसाला हाताने मैला साफ करायला लावणे अॅट्रॉसिटी कायद्यातही गुन्हा आहे. "तुम्ही तर बौद्ध" असे म्हणून कुणी टाळले तर त्याला सांगा की १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला तयार ठेवा, तो ऐन वेळी मिळत नाही.

बांधकामावर जाणाऱ्यांनी इमारत बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करावी. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६०, फी एक रुपया. ठेकेदार दाखला देत नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा अधिकारी देऊ शकतो. नोंदणी चालू असेल तर कामावर मृत्यू झाल्यास वारसाला पाच लाख मिळतात. नवरा-बायको दोघे कामावर जात असतील तर दोघांची वेगळी नोंदणी हवी. बायकांची नोंदणी मागे राहते, हे मी घरोघर पाहते आहे. आणि दरवर्षी नूतनीकरण. भांडी आणि पेटी मिळाली की कार्ड ट्रंकेत जाते आणि दोन वर्षांनी अपघात झाला की कळते, मुदत संपलेली.

वहिनीने सही केली नाही. दावा लावला आहे, तारखा चालू आहेत, ठेकेदार म्हणतो हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हताच. हजेरीची वही त्याच्याकडे. आमच्याकडे तिच्या नवऱ्याच्या मोबाइलमधले तीन फोटो आहेत, साइटवर काढलेले, आणि मुकादमाने पाचशे रुपये उचल पाठवल्याचा मेसेज. वकीलबाई म्हणाल्या, एवढे पुरेल.

आता तिचा धाकटा दीर नाक्यावर उभा राहतो. साइटवर पोहोचला की तिथला बोर्ड, मुकादमाचा चेहरा आणि स्वतःचा फोटो वहिनीला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, असे तिने ठरवून दिले आहे. त्याला पहिल्यांदा राग आला, मी काय शाळेतला पोर आहे का म्हणाला. साडेनऊपर्यंत फोटो आला नाही की ती भांड्यांचे हात पुसून फोन लावते.